सरकारला उधार देणारी मुलं

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर रांग लागते. त्या रांगेतल्या मुलांच्या हातातली प्लास्टिकची फाइल पाहिली की घरची परिस्थिती मला बऱ्यापैकी कळते. ज्याची फाइल जाड, तो गरीब. ऐपतदाराच्या मुलाला प्रवेशाला मार्कशीट, टीसी आणि पैसे पुरतात. गरिबाच्या मुलाला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला, जात वैधता, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधारशी जोडलेलं बँक खातं. मधलं एखादं वर्ष वाया गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, वडील नसतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला. शिवाय प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

प्राध्यापकाला शिकवण्याबरोबर जी कामं चिकटतात त्यांतलं शिष्यवृत्तीचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. ते कोणाला नको असतं, म्हणून नव्याकडे येतं आणि तो जुना झाला तरी त्याच्याकडेच राहतं. त्या काळात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सप्टेंबरात यायचा बंद झाला. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, अर्थशास्त्रात बरा होता. मित्रांकडे विचारत विचारत गेलो तर एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर भेटला. ‘फी राहिली का रे भरायची?’ मी विचारलं. माझ्या डोक्यात फीच होती, कारण आमच्या सगळ्या फायली फीच्याच असतात. तो म्हणाला, ‘फी कोण मागतंय सर? ती तर माफच हाय. खोलीचं भाडं अन् डबा, दोन्ही थकलं होतं.’ पुढच्या एप्रिलात त्याच्या खात्यावर शिष्यवृत्ती जमा झाली. मोबाइलवरचा मेसेज त्यानंच मला दाखवला. टीसी न्यायला आला होता तेव्हा.

तेव्हापासून मी शिष्यवृत्तीला मदत म्हणत नाही, उधारी म्हणतो. आणि ती उधारी मुलगा सरकारला देतो. खर्च जुलैत त्याचा, परतफेड मार्च-एप्रिलात सरकारची, तीही वेळेवर आली तर. मधले आठ-नऊ महिने त्याचा बाप सावकाराकडून, बचत गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून महिन्याच्या टक्क्यानं पैसे उचलतो आणि त्यावरचं व्याज कोणत्याही योजनेत धरलेलं नसतं. ज्याच्या घरात पुढच्या आठवड्याचा बाजार कसा करायचा याची चिंता आहे, त्याच्याकडून राज्यानं उसने घ्यायचे ही उफराटी रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की ‘शिष्यवृत्ती उशिरा आली’ ही बातमीसुद्धा वाटत नाही.

महाराष्ट्रात योजनांची वाण नाही, हे आधीच मान्य करतो. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाखांची. खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा आठ लाख. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. एवढ्या महापुरुषांची नावं सरकारी कपाटात दुसऱ्या कुठल्या राज्यात सापडतील असं वाटत नाही.

पण या यादीकडे फीच्या बाजूनं न बघता पोटाच्या बाजूनं बघा. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बी.ए., बी.कॉम.सारख्या साध्या पदवीच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला वर्षाचा भत्ता ६,००० रुपये मिळतो. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्याला ३,०००. म्हणजे वसतिगृहातल्या मुलाला महिन्याला पाचशे. पुण्यात कॉट बेसिसवर एक खाट घेतली तर पाचशेत गादीचंही भाडं निघणार नाही, खाट तर दूरच. स्वाधारचे आकडे त्या मानानं शहाणे आहेत. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००, असे वर्षाला ६०,००० रुपये. ज्यानं कोणी हा हिशेब मांडला त्यानं खानावळीचा फलक वाचला होता, हे नक्की. मात्र हे पैसेही हप्त्यानं येतात, हजेरीचे दाखले जोडल्यावर येतात, आणि जून-जुलैत येत नाहीत. खानावळवाला मात्र आगाऊ मागतो. घरमालक डिपॉझिट मागतो. त्यांचा वर्षाचा पहिला दिवस आणि सरकारचा पहिला दिवस यांत जे अंतर आहे, त्या अंतरात पोरं गळतात.

पैसे उशिरा का येतात, याची गोष्ट कोणी नीट सांगत नाही, म्हणून थोडी सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांत ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. त्याआधी केंद्र जवळजवळ हात झटकून बसलं होतं, त्यामुळे ही सुधारणाच होती. पण केंद्राचा वाटा राज्यानं आपला वाटा दिल्यानंतर निघतो, आणि तोही थेट मुलाच्या खात्यात जातो. त्यातली फी मुलानं सात दिवसांत महाविद्यालयाला भरायची. कागदावर हे फार छान आहे. मधले दलाल गेले, पैसा थेट हातात आला. वास्तवात काय होतं? एकाच वर्षाची शिष्यवृत्ती दोन तुकड्यांत, दोन वेळी येते. महाविद्यालयाचा लेखनिक मुलाला विचारतो, ‘आले का?’ मुलगा बँकेत विचारतो, ‘आले का?’ बँक म्हणते आधार या खात्याला जोडलेलं नाही, बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी बँकेत गेले असतील. ती दुसरी बँक म्हणजे सातवीत असताना गणवेशाच्या पैशासाठी उघडलेलं खातं, गावाकडचं, पासबुक हरवलेलं. आणि ज्या मुलाच्या खात्यात पैसे येतात, त्याच्या घरी तोवर आजीचं ऑपरेशन असतं. घरात सहा महिन्यांचं देणं असताना खात्यात अचानक पंधरा हजार दिसले तर ते सात दिवसांत महाविद्यालयाला नेऊन देणारा बाप मला भेटायचा आहे. मग मुलगा थकबाकीदार ठरतो आणि त्याची मार्कशीट अडकते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: घोटाळे होतात, म्हणून तपासणी लागते. घोटाळे झाले, हे खरं. महाराष्ट्रात शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं होतं. पण त्यात बोट कोणाकडे होतं? वर्गात नसलेली मुलं पटावर दाखवणाऱ्या, एकाच मुलाची दोनदा फी उचलणाऱ्या संस्थांकडे. चोरी संस्थाचालकांनी केली आणि झडती मुलाची सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. ज्या मुलाचा जातीचा दाखला दहावीला तपासला, अकरावीला तपासला, त्याचाच दाखला बी.ए.च्या तिन्ही वर्षांना पुन्हा अपलोड करायचा. जात वर्षाला बदलते की काय! उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून तीन वर्षांचाही मिळतो, पण किती घरांना हे माहीत आहे? सेतूवर गेलेला माणूस एक वर्षाचाच घेऊन येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राहतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या राज्यात लाखो खात्यांवर वेळेवर पैसे टाकणं सोपं नसतं. २०२४ पर्यंत मीही असंच म्हणत होतो. त्या वर्षी जूनअखेर अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यात दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांवर पडायला लागले. लाभार्थींचा आकडा दोन कोटींच्या वर गेला. त्या योजनेवर माझं मत काहीही असो, तिनं एक गोष्ट कायमची सिद्ध केली: मनात आणलं तर हे सरकार दोन महिन्यांच्या आत, महिन्याच्या महिन्याला, गावकुसापर्यंत पैसे पोचवू शकतं. तंत्रज्ञान आहे, बँका आहेत, माणसं आहेत. आधी पैसे दिले आणि छाननी नंतर केली, हेही आपण पाहिलं. लाडक्या बहिणीवर जो विश्वास टाकला, तो तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर टाकायला काय हरकत होती? हरकत एवढीच दिसते, की मतदार म्हणून या मुलांची कोणी मोजदाद केलेली नाही.

आपल्याकडे हे सगळं कळलेली माणसं होती, आणि ती फार आधी होऊन गेली. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, हे मात्र परीक्षेत येत नाही. क्रम बघा. आधी राहायची आणि जेवायची सोय, मग नोकरीतली जागा. पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. जातवार वसतिगृहं काढावी लागली याचं कारण सोपं होतं, एका पंगतीला कोणी बसायला तयार नव्हतं. राजाला ते आवडत होतं असं नाही, पण मुलगा उपाशी राहण्यापेक्षा जातीच्या पंगतीत का होईना, जेवलेला बरा, हा त्यांचा व्यवहार होता. त्याआधी शहरात शिकायला आलेल्या गरीब मुलाला काय आधार होता? माधुकरी आणि वार. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पुण्यात कितीतरी मोठी माणसं अशी वारावर जेवून शिकली आणि म्हातारपणी त्या आठवणींनी त्यांचे डोळे भरून आले. पण वार ब्राह्मणाच्या मुलाला मिळायचे. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला कोणत्या घरानं बुधवार दिला असता?

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात वसतिगृहात राहूनच शिकलेले. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली ती वसतिगृह घेऊन. १९२४ मध्ये मुक्काम साताऱ्याला हलला आणि तिथं सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर शिजलेलं खाऊ लागली. कोल्हापूरला जे जमलं नव्हतं ते इथं जमलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही, ही गोष्ट साताऱ्याकडच्या शाळांत दरवर्षी भाषणात येते, भाषण करणाऱ्याचा गळा दाटतो, आणि मग आपण विसरतो की ती गोष्ट मुळात वेळेवर न आलेल्या पैशाची आहे. मुलं संध्याकाळी जेवायची होती, म्हणून मंगळसूत्र त्याच दिवशी मोडलं. अर्ज मंजूर होईपर्यंत त्या बाई थांबल्या नाहीत.

भाऊरावांच्या नावावर आज जे चालतं ते मात्र मला सलतं. ‘कमवा व शिका’ हा त्यांचा शब्द, १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेलं छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्याच पायावर उभं राहिलं. तिथं मुलगा शेतात राबायचा, दगड फोडायचा, पण त्या बदल्यात त्याचं जेवण, राहणं आणि शिक्षण असं तिन्ही एकत्र मिटायचं. कष्ट आणि सुटका यांचा तो सौदा प्रामाणिक होता. आता बहुतेक ठिकाणी या योजनेत मुलगा दिवसाला दोन-तीन तास ग्रंथालयात पुस्तकं लावतो किंवा कार्यालयात गठ्ठे बांधतो, तासाच्या हिशेबानं त्याला जे मिळतं त्यात मेसचा महिना सुटत नाही, आणि तेही बिल निघाल्यावर मिळतं. काम आजचं, दाम पुढच्या सत्रातले. स्वावलंबन हा शब्द अशा व्यवहाराला लावला की भाऊरावांचा अपमान होतो असं मला वाटतं. मुलांना कामाची लाज वाटते अशी तक्रार आमचे काही सहकारी करतात. मला उलटं दिसलं आहे. त्यांना काम हवं असतं, म्हणूनच ती आमच्याकडचं सोडून ढाब्यावर जातात. तिथं रात्री पैसे मिळतात आणि जेवणही.

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की मराठी माणूस बडोद्याचं नाव काढतो. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबियाला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. भाषणात गोष्ट इथं संपते, टाळ्या पडतात. पण ती शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. कोलंबियाहून ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू केला आणि मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना तो अर्धा टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्या शतकातल्या सगळ्यात तेजस्वी विद्यार्थ्याचीही तीन वर्षं शिष्यवृत्ती संपली म्हणून खर्ची पडली. ते परत गेले, कारण ते आंबेडकर होते. माझ्या त्या ढाब्यावरच्या मुलाकडून आपण तीच अपेक्षा ठेवतो. तो असाधारण नसेल तर त्याला शिकायचा हक्क नाही, असं तोंडानं कोणी म्हणत नाही, व्यवस्थेनं मात्र ते गृहीत धरलं आहे.

हे गृहीतक जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच पकडलं होतं. हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सांगितलं की सरकारी शिष्यवृत्त्या चढाओढीनं वाटण्याची पद्धत वरकरणी न्याय्य दिसत असली तरी तिचा फायदा ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच होतो, तेव्हा काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी ठेवा. त्यानंतर राखीव शिष्यवृत्त्या आल्या, पण चढाओढ गेली नाही. ती फक्त सरकली. आता स्पर्धा गुणांची कमी आणि कागदांची जास्त आहे. ज्या घरात कोणीतरी नोकरीत आहे, ज्याचा मामा पंचायत समितीत आहे, त्याची फाइल जूनमध्येच पूर्ण असते. म्हणजे गरिबांमधल्याही त्यातल्या त्यात सावरलेल्यांना योजना आधी मिळते, आणि जो अगदी तळाला आहे तो ‘कागदपत्र अपूर्ण’ या शेऱ्यापाशी थांबतो.

एका मुदतीनं काय होऊ शकतं, हे सगळ्या देशानं २०२४ मध्ये पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. दलित कुटुंब, दारिद्र्यरेषेखालचं. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी गावातून पैसे जमवले, पण मुदतीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ते ऑनलाइन भरले गेले नाहीत आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या अनुच्छेद १४२ मधले विशेष अधिकार वापरून त्याला ती परत मिळवून दिली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण संध्याकाळी पाचची मुदत चुकलेल्या मुलासाठी देशाच्या सरन्यायाधीशांना घटना उघडून बसावं लागतं, हे आनंदाचं कारण आहे का? असे मुलगे आमच्या कार्यालयात दर जुलैत दोन-चार तरी असतात. ते दिल्लीला जात नाहीत. घरी जातात.

फी माफ आणि पैसे वेळेवर, एवढ्यानं भागेल का? नाही भागणार. इथं मला जरा लांबचं उदाहरण घ्यावं लागतंय. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठानं २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदवीच्या महाविद्यालयांत गरीब मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. फीमधली उरलेली तफावत भरली, शिवाय शहराच्या मेट्रो-बसचा पास फुकट दिला, पाठ्यपुस्तकांचे पैसे दिले. पण मुख्य गोष्ट वेगळी होती. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी मुलं दिली, जिथं एरवी एकाकडे सहाशेच्या वर असायची. तो मुलांना नावानं ओळखायचा, आला नाही तर का आला नाही हे विचारायचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत वाटणी करून या कार्यक्रमाची तपासणी झाली. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के निघाले, बाहेरच्या गटात २२ टक्के. पुढं ओहायो राज्यात हाच प्रयोग केला तेव्हाही पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. माणशी खर्च वाढला, पण शिकून बाहेर पडणारे इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. अमेरिकेचं सगळंच आपल्याला लागू पडतं असं मी मानत नाही. त्यांची मुलं कर्जात बुडालेली आहेत, आणि आपल्या केंद्र सरकारची २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांतल्या मुलांसाठी कर्जाचाच रस्ता रुंद करते, त्यात शहाणपण किती हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. पण बसचा पास आणि नावानं ओळखणारा माणूस, या दोन गोष्टी कुठल्याही देशात सारख्याच काम करतात.

बसचा पास म्हटलं की एसटी आली. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बारावीच्या निकालाबरोबर तो संपतो. पुढं विद्यार्थी सवलतीचा पास घ्यायचा, त्यात ६६.६७ टक्के सूट, उरलेले स्वतःचे. आकडा लहान वाटतो, पण तो दर महिन्याला मागावा लागतो, आणि ज्या घरात मुलीनं बारावीनंतर शिकावं की नाही यावर आधीच दोन मतं आहेत तिथं दर महिन्याला पैसे मागणं म्हणजे दर महिन्याला तो वाद नव्यानं उघडणं. अभियांत्रिकीच्या मुलीची लाखाची फी माफ करणाऱ्या राज्याला बी.ए.च्या मुलीचा पास आणखी तीन वर्षं वाढवणं जड जाऊ नये. बी.ए.ची फी मुळात कमी असते. तिला अडवते ती फी नव्हे, सकाळी साडेसहाची गाडी.

आणि नावानं ओळखणारा माणूस? आमच्याकडे तो होता. शिष्यवृत्तीचा लेखनिक. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही, आता ते काम कंत्राटावरची एक मुलगी करते, तीही तीन विभागांचं. सातशे-आठशे अर्जांना ती एकटी. तिला कोणाचं नाव पाठ असणार? महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीत ३५.३ टक्के होतं, देशाचं २८.४. आपण देशाच्या पुढं आहोत, हे आम्ही प्रत्येक परिसंवादात सांगतो. पण हा आकडा दारातून आत आलेल्यांचा आहे. त्यांतले किती शेवटच्या वर्षाच्या निकालाला होते, ते महाविद्यालयवार, योजनावार कोणी फलकावर लावत नाही. समाजकल्याण खातं किती कोटी वितरित केले ते सांगतं. वाटलेल्या पैशाऐवजी टिकलेली मुलं मोजायला लावली, तर वर्षभरात सगळे शासन निर्णय बदलतील अशी माझी खात्री आहे.

करायचं काय, हे विचारलं तर माझी मागणी एकाच ओळीची आहे: प्रवेशाच्या दिवशी राहण्या-जेवणाचा पहिला तीन महिन्यांचा हप्ता खात्यावर, छाननी त्यानंतर. ज्याला अकरावी-बारावीला शिष्यवृत्ती मिळाली त्याची सगळी माहिती सरकारकडे आहेच, त्याला पुन्हा अर्जदार कशाला करायचं? दोन-चार टक्के चुकीच्या माणसाला जातील, जाऊ देत. सरकारच्या इतर कामांत याहून जास्त जातात. आणि प्रत्येक प्राचार्याच्या हातात, दोन शिक्षकांच्या सहीनं त्याच दिवशी देता येईल असा थोडासा निधी असावा. पाच हजारांसाठी सुटलेलं वर्ष मी पाहिलं आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी संस्था १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला-जेवायला देत आली आहे, लोकांच्या देणग्यांवर. तिथल्या एका खाटेसाठी किती मुलं धडपडतात ते मी ऐकून आहे. देणगीदारांनी आपलं काम केलं. जे काम एका शहरातली भली माणसं सत्तर वर्षं करू शकतात, ते तालुक्याच्या गावात सरकारला का जमू नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी प्रवेश अर्जाला एक पान जोडलं. शासनाचं नाही, आमचं आपलं, सायक्लोस्टाइलच्या जमान्यातलं वाटावं असं. त्यावर तीनच प्रश्न आहेत. राहणार कुठे? जेवणार कुठे? येणार कशाने? पहिल्या वर्षी बहुतेकांनी ‘घरी’, ‘मेस’, ‘एसटी’ असं लिहिलं. एका मुलानं पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘सध्या स्टँडवर’. दाखले सगळे पूर्ण होते त्याचे, अर्ज मंजुरीला गेलेला होता. त्याला आम्ही क्रीडा विभागाच्या साहित्याच्या खोलीत ठेवलं, क्रिकेटच्या चटईवर, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत. सव्वा महिना लागला. नियमात बसत नव्हतं, म्हणून शिपायाला सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर खोलीत उंदीर झालेत, रात्री कोणीतरी लागतं, असं सांगायचं.